तारेवरून गाणारी अक्षरे

१९६४ सालच्या मे महिन्यातील ही गोष्ट आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पॅसाडेना या गावी राहणारे दंतवैद्य डॉ. जेम्स मार्स्टर्स यांनी एके दिवशी त्याच राज्याच्या उत्तर भागातील रेडवुड सिटी या गावी आपले मित्र रॉबर्ट वाइटब्रेक्ट यांना टेलिफोन केला. दोन गावांमधील अंतर पाचशे किलोमीटरांहून अधिक. टेलिफोन लागला, परंतु दोघांपैकी कोणीही रिसीव्हर कानाला लावला नाही. दोघांनीही तो आपापल्या टेबलावरील एका लहानशा पेटीवर आडवा ठेवला आणि शेजारच्या अवजड टंकयंत्रापुढे ते बसले. एकाने कळा दाबावयास सुरुवात करताच पेटीतून चिरके सूर निघू लागले आणि दुसऱ्या गावच्या यंत्रातील कागदावर अक्षरे उमटू लागली. आरंभी ती निव्वळ निरर्थक होती. थोडी जुळवाजुळव झाल्यावर मात्र अक्षरांतून शब्द झाले आणि शब्दांतून सरळ वाक्ये वाचता येऊ लागली.

एका गावच्या माणसाने दुसऱ्या गावच्या माणसाशी टेलिफोनवरून बोलावे, यात १९६४ साली नवल ते काय होते? नवल हेच, की हे दोन्ही मित्र लहानपणापासून कर्णबधिर होते. मध्ये कोणाही ऐकणाऱ्या माणसाचे साहाय्य न घेता दोन कर्णबधिर माणसांनी टेलिफोनच्या तारेवरून दूर अंतरावर केलेले हे पहिले संभाषण होय. ज्या पेटीमुळे हे शक्य झाले, त्या जातीच्या उपकरणाला ‘मोडेम’ असे म्हणतात. पुढे याच मोडेमने जगातील संगणक एकमेकांशी जोडले. हे उपकरण कोणते काम करते व ते कसे करते, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

टेलिफोनचा शोध आणि कर्णबधिर माणसे यांचे नाते मोठे विलक्षण आहे. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा मूळचा कर्णबधिर मुलांचा शिक्षक. त्याच्या आईला नीट ऐकू येत नसे, आणि त्याची पत्नी मेबल हिची श्रवणशक्ती तर पाचव्या वर्षीच तापाने गेली होती. बोललेला शब्द कसा निर्माण होतो, हवेतून त्याच्या लहरी कशा जातात, याचा अभ्यास करता करताच १८७६ साली बेलने टेलिफोन सिद्ध केला. त्या शोधाने दूरची माणसे जवळ आली. परंतु ज्यांच्यासाठी बेलने ध्वनीचा अभ्यास आरंभला होता, त्यांनाच या यंत्राचा काही उपयोग नव्हता. उलट, जसजसे जगाचे व्यवहार टेलिफोनवर अवलंबून राहू लागले, तसतशी त्यांची अडचण वाढतच गेली. घरात कोणी आजारी पडले तर डॉक्टरांना बोलावण्यासाठी शेजाऱ्याचे दार ठोठवावयाचे, मित्र घरी आहे की नाही हे पाहण्यासाठी स्वतः त्याच्या दारापर्यंत जावयाचे, असे त्यांचे दिवस जात. ही स्थिती जवळजवळ नव्वद वर्षे टिकली.

वाइटब्रेक्ट हे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांना हौशी रेडिओचा नाद होता. ध्वनी ऐकू न येणाऱ्या माणसाला रेडिओचा छंद कसा असेल, अशी शंका तुम्हांला येईल. परंतु रेडिओवरून केवळ आवाजच पाठवता येतो असे नाही. त्यावरून टेलिप्रिंटरही चालवता येतो. टेलिप्रिंटर म्हणजे विजेच्या संकेतांवर चालणारे टंकयंत्र. एका यंत्राची कळ दाबली, की दूरच्या दुसऱ्या यंत्रावर तेच अक्षर उमटते. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पूर्वी अशा यंत्रांचा खडखडाट अहोरात्र चालू असे. वाइटब्रेक्ट आपल्या टेलिप्रिंटरवरून रेडिओद्वारे मित्रांशी संवाद करीत. डॉ. मार्स्टर्स यांनी त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला, “जे रेडिओवर साधते, ते घरोघरच्या टेलिफोनवर का साधू नये?”

प्रश्न सोपा दिसतो. परंतु त्यात एक मोठी अडचण होती. ती अडचण नीट समजली, म्हणजे मोडेमचे अर्धे मर्म समजले असे म्हणावयास हरकत नाही.

टेलिप्रिंटरला किंवा संगणकाला अक्षर असे काही ठाऊक नसते. त्याला दोनच गोष्टी कळतात : वीज आहे, अथवा वीज नाही. पहिलीला आपण १ म्हणू आणि दुसरीला ०. अशा एका खुणेला ‘बिट’ म्हणतात. एका बिटाने दोनच गोष्टी सांगता येतात. दोन बिटांनी चार, तीन बिटांनी आठ, आणि पाच बिटांनी बत्तीस. इंग्रजीत सव्वीस अक्षरे असल्यामुळे टेलिप्रिंटरला पाच बिट पुरत. उदाहरणार्थ, ‘ए’ या अक्षरासाठी ११००० हा संकेत ठरलेला होता. अंक व विरामचिन्हे यांच्यासाठी एक वेगळी कळ असे. ती दाबली, की त्याच बत्तीस संकेतांना दुसरे अर्थ प्राप्त होत. आजचे संगणक आठ बिटांचा एक गट धरतात आणि त्याला ‘बाइट’ म्हणतात. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते. आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत आपल्या देवनागरीच्या ‘अ’ ला तीन बाइट लागतात.

मग हे १ आणि ० सरळ टेलिफोनच्या तारेत सोडून दिले तर काय बिघडेल? बिघडेल ते असे. टेलिफोनची यंत्रणा माणसाचे बोलणे वाहून नेण्यासाठी बांधलेली आहे. बोलणे म्हणजे हवेची कंपने. एका सेकंदात किती कंपने होतात, या संख्येला कंपनसंख्या म्हणतात. ती जेवढी अधिक, तेवढा सूर उंच. माणसाचे बोलणे समजण्यास सेकंदाला सुमारे ३०० पासून ३४०० पर्यंतची कंपने पुरेशी होतात. म्हणून टेलिफोन यंत्रणेने तेवढीच वाट खुली ठेवली आणि तिच्या खालची व वरची सर्व कंपने अडवली. आता १११११ असा संकेत आला, तर त्यात वीज सतत चालूच राहते, तिच्यात चढउतार होत नाही. ज्यात कंपनच नाही, ते या वाटेवरून पुढे कसे जाणार? शिवाय मध्ये अनेक वर्धक व अन्य उपकरणे असतात. त्यांतून जाताना विजेच्या सरळ ठोक्यांचा आकार पार बिघडून जातो. थोडक्यात, टेलिफोनच्या दारावर पहारेकरी उभा आहे आणि तो फक्त आवाजालाच आत सोडतो.

यावर उपाय एकच. बिटांना आवाजाचा वेष चढवावयाचा! मोडेम हेच करतो. तो १ साठी एक सूर काढतो आणि ० साठी दुसरा. वाइटब्रेक्ट यांच्या पद्धतीत १ साठी सेकंदाला १४०० कंपनांचा सूर होता, आणि ० साठी १८०० कंपनांचा. हे दोन्ही सूर ३०० ते ३४०० या खुल्या वाटेच्या आत येतात, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. तुमच्या शाळेत हार्मोनियम असेल, तर त्यावर ‘सा’ आणि शुद्ध ‘ग’ वाजवून पाहा. मोडेमच्या दोन सुरांमध्ये त्याहून किंचित अधिक अंतर होते. सोयीसाठी आपण त्यांना ‘सा’ आणि ‘ग’ असेच म्हणू. म्हणजे ‘ए’ हे अक्षर पाठवावयाचे असेल, तर मोडेम तारेवरून ‘सा सा ग ग ग’ असे गाऊन दाखवील.

एवढ्याने मात्र भागत नाही. पलीकडच्या यंत्राला अक्षर कोठे सुरू झाले हे कसे कळावे? सुरांची रांग अखंड येत राहिली, तर पाच-पाचांचे गट कोठून पाडावयाचे? एक सूर चुकला, की पुढची सारी अक्षरे चुकतील. म्हणून प्रत्येक अक्षराच्या आरंभी एक ठरावीक ‘ग’ आणि शेवटी एक ठरावीक ‘सा’ जोडीत. आरंभीचा ‘ग’ ऐकताच यंत्र सावध होई, पुढचे पाच सूर मोजून घेई, आणि शेवटच्या ‘सा’ ला थांबून नव्या अक्षराची वाट पाही. जणू प्रत्येक अक्षर स्वतःची हजेरी देऊन आत येई आणि निरोप घेऊन बाहेर पडे.

प्रत्येक सूर किती वेळ चाले, हे ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. तो वेळ एका सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे बावीस भाग, इतकाच होता. तेवढ्या वेळात ‘सा’ ची सुमारे एकतीस कंपने होत आणि ‘ग’ ची सुमारे चाळीस. या गतीने सेकंदाला सहा अक्षरे, म्हणजे मिनिटाला साधारण साठ इंग्रजी शब्द जात. आपल्याला ही गती मंद वाटते. परंतु माणूस बोटांनी जेवढ्या वेगाने टंकलेखन करतो, त्या मानाने ती पुरेशी होती.

आता पलीकडच्या टोकाला जाऊ. तेथे सूर येऊन पोहोचतात; त्यांतून बिट परत कसे मिळवावयाचे? सतार तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर वाजवावयाच्या तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. त्यांना कोणी छेडीत नाही. तरी वरच्या तारेवर ज्या सुराचा आघात होतो, त्याच सुरात लावलेली तरफेची तार आपोआप झंकारू लागते. बाकीच्या तारा स्तब्ध राहतात. मोडेममध्ये अशाच दोन ‘तारा’ असतात. मात्र त्या धातूच्या नसून विजेच्या मंडलांच्या असतात. एक मंडल १४०० कंपनांना प्रतिसाद देते, दुसरे १८०० कंपनांना. पहिले झंकारले की यंत्र समजते, १ आला. दुसरे झंकारले की ० आला. या १ आणि ० यांपासून टंकयंत्र पुन्हा ‘ए’ छापते.

बिटांनुसार सुरात बदल घडविणाऱ्या भागाला इंग्रजीत ‘मॉड्युलेटर’ म्हणतात, आणि सुरांतून बिट पुन्हा वेगळे काढणाऱ्या भागाला ‘डिमॉड्युलेटर’. संभाषणात प्रत्येकाला बोलावेही लागते आणि ऐकावेही लागते. म्हणून प्रत्येक उपकरणात हे दोन्ही भाग हवेत. पहिल्या शब्दातील ‘मो’ आणि दुसऱ्यातील ‘डेम’ घेऊन ‘मोडेम’ हे सुटसुटीत नाव तयार झाले.

मोडेमची कल्पना काही वाइटब्रेक्ट यांनीच प्रथम काढली असे नाही. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या हवाई संरक्षणदलाची संगणक-केंद्रे टेलिफोनच्या तारांनी जोडण्यासाठी मोडेम वापरात आले होते. परंतु ती मोठ्या सत्तेची, मोठ्या खर्चाची कामे. सामान्य माणसाच्या घरी मात्र निराळीच अडचण होती. टेलिफोन कंपनीच्या नियमाप्रमाणे तिच्या तारेला परके उपकरण विजेने जोडण्यास ग्राहकाला मनाई होती. वाइटब्रेक्ट यांनी यातून युक्तीने मार्ग काढला. त्यांनी तारेला हातच लावला नाही. पेटीवर रिसीव्हर बसेल असे दोन खळगे ठेवले. एकात लहानसा ध्वनिक्षेपक आणि दुसऱ्यात ध्वनी टिपणारे साधन. पेटी टेलिफोनच्या तोंडाशी गाई आणि टेलिफोनच्या कानाशी ऐके. टेलिफोनला वाटे, कोणी माणूसच बोलत आहे! या योजनेला ध्वनिजोडणी असे म्हणता येईल.

आणखी एक विघ्न होते, ते प्रतिध्वनीचे. घाटात उभे राहून हाक मारली, तर आपलीच हाक आपल्याला परत ऐकू येते. लांबच्या टेलिफोनच्या तारेवरही पाठवलेला सूर काही अंशी परत येतो. माणूस तिकडे दुर्लक्ष करतो. परंतु यंत्र भोळे असते. ते आपलेच परत आलेले सूर दुसऱ्याचे समजून भलतीच अक्षरे छापू लागते. वाइटब्रेक्ट यांना आपल्या उपकरणाची रचना अशी करावी लागली, की त्याने या प्रतिध्वनीला दाद देऊ नये.

या पद्धतीत सुरांची एकच जोडी असल्यामुळे एका वेळी एकालाच बोलता येई. दोघांनी एकदम कळा दाबल्या, तर कागदावर गोंधळ माजे. म्हणून या यंत्रांचा उपयोग करणाऱ्या कर्णबधिर मंडळींनी एक सुंदर शिष्टाचार पाडला. आपले बोलणे संपले, की ‘आता तुम्ही बोला’ या अर्थी ‘जी ए’ ही दोन इंग्रजी अक्षरे टंकावयाची; मग दुसऱ्याने आरंभ करावयाचा. टेलिफोन आल्याची घंटा त्यांना ऐकू येत नसे. तेव्हा घंटेऐवजी घरातील दिवा उघडझाप करील अशी योजना त्यांनी केली. रात्री खोलीतला दिवा लुकलुकू लागला, की कोणीतरी आपली आठवण काढली आहे हे त्यांना समजे.

नवे टेलिप्रिंटर फार महाग होते. म्हणून वाइटब्रेक्ट, मार्स्टर्स आणि त्यांचे तिसरे कर्णबधिर सहकारी अँड्र्यू सॅक्स यांनी जुनी, टाकून दिलेली यंत्रे मिळवण्याची खटपट केली. १९६८ साली टेलिफोन कंपनीनेही आपली जुनी यंत्रे या कामासाठी देण्याचे मान्य केले. ठिकठिकाणचे स्वयंसेवक ही अवजड यंत्रे वाहून आणीत, तेलपाणी करून दुरुस्त करीत आणि कर्णबधिरांच्या घरी नेऊन बसवीत. त्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने एका खटल्यात असा निर्णय दिला, की टेलिफोन यंत्रणेला अपाय होत नसेल, तर ग्राहकाला आपले उपकरण तिला जोडण्यास मज्जाव करता येणार नाही. तेव्हापासून बाहेरच्या उपकरणांचा मार्ग हळूहळू मोकळा होत गेला. १९९० साली तर कायदाच झाला. टंकयंत्र वापरणारा कर्णबधिर मनुष्य आणि साधा टेलिफोन वापरणारा ऐकणारा मनुष्य, या दोघांमध्ये निरोप्याचे काम करणारी सेवा देशभर उपलब्ध करून देणे टेलिफोन कंपन्यांवर बंधनकारक झाले.

हे सर्व चालू असताना संगणकांच्या जगातही मोडेम वेगाने पुढे जात होता. अमेरिकेत १९६२ साली बाजारात आलेला एक प्रसिद्ध मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवीत असे. त्यात सुरांच्या दोन जोड्या होत्या. टेलिफोन करणारा १०७० आणि १२७० कंपनांच्या सुरांत बोले, तर उत्तर देणारा २०२५ आणि २२२५ कंपनांच्या सुरांत. जोड्या निराळ्या असल्यामुळे दोघांना एकाच वेळी बोलता येई आणि गोंधळ होत नसे. एकाच रस्त्यावर जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्यांसाठी दोन बाजू आखून द्याव्यात, तसा हा प्रकार होता.

परंतु ३०० बिटांनी संगणकाची भूक कशी भागणार? एक हिशेब करून पाहू. देवनागरीतील २००० चिन्हांचे एक पृष्ठ आहे. प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकूण ६००० बाइट झाले. प्रत्येक बाइटाचे आठ बिट आणि त्याच्या मागचापुढचा एकेक बिट धरून दहा बिट होतात. म्हणजे एकूण ६०,००० बिट. सेकंदाला ३०० बिट या गतीने हे एक पृष्ठ जावयास २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटे वीस सेकंद लागतील. मग वेग वाढवावयाचा कसा? सूर अधिक जलद बदलावेत, तर ३०० ते ३४०० ही वाट अरुंद. फार जलद बदल तिच्यातून जात नाहीत.

तेव्हा शास्त्रज्ञांनी दुसरा विचार केला. खुणांची संख्या वाढवता येत नसेल, तर प्रत्येक खुणेत अधिक अर्थ भरावा. एकाच गतीने हलणारे दोन झोपाळे डोळ्यांपुढे आणा. एक पुढे जात असताना दुसराही पुढे जाईल, किंवा दुसरा त्याच वेळी मागे येईल. गती तीच, परंतु त्यांच्या हालचालीची वेळ वेगळी. त्याचप्रमाणे एका झोपाळ्याचा झोका मोठा असेल, दुसऱ्याचा लहान. सुराच्या लहरींतही असे भेद करता येतात : लहरीचा आरंभ थोडा पुढेमागे करावयाचा आणि तिची उंची कमीअधिक करावयाची. अशा प्रकारे सोळा निरनिराळ्या खुणा तयार केल्या, तर प्रत्येक खूण चार बिटांचे काम करते. कारण चार बिटांच्या बरोबर सोळा मांडण्या होतात. सेकंदाला २४०० खुणा पाठवल्या, तर २४०० गुणिले ४, म्हणजे ९६०० बिट जातात. आपले ते पृष्ठ आता सव्वासहा सेकंदांतच पोहोचेल.

मग सोळाऐवजी लक्षावधी खुणा करून वेग हवा तेवढा का वाढवू नये? कारण तारेवर नेहमी थोडीफार खरखर असते. खुणा जितक्या अधिक, तितका त्यांच्यातील भेद सूक्ष्म. आणि सूक्ष्म भेद खरखरीत बुडून जातात. गजबजलेल्या बाजारात ‘बस’ म्हटले की ‘रस’ हे ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही, तसेच हे आहे. वाटेची रुंदी आणि खरखरीचे प्रमाण यांवरून त्या वाटेची कमाल मर्यादा काढता येते, हे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन याने १९४८ सालीच सिद्ध केले होते. अभियंत्यांनी अतिशय चतुर युक्त्या करून टेलिफोनच्या त्याच जुन्या वाटेवर सेकंदाला ३३,६०० बिटांपर्यंत मजल मारली. पुढे टेलिफोन केंद्रांमध्येच आवाजाचे अंकांत रूपांतर होऊ लागले. त्याचा लाभ घेऊन १९९८ साली प्रमाणित झालेल्या मोडेमने येणाऱ्या माहितीपुरती ५६,००० बिटांची मर्यादा गाठली.

आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. त्या वेळी घरच्या संगणकाला मोडेम आणि मोडेमला टेलिफोनची तार जोडावी लागे. टेलिफोन लागला, की मोडेममधून शिट्ट्या, किंचाळ्या आणि खरखराट असा काही क्षण चमत्कारिक कोलाहल ऐकू येई. तुमच्या आईवडिलांना विचारा, कदाचित त्यांना तो आठवत असेल. तो केवळ गोंगाट नव्हता. दोन मोडेम एकमेकांची ओळख करून घेत : तुला कोणती भाषा येते? किती वेगाने ऐकू शकतोस? मधली तार कोणते सूर दडपते? हे सारे ठरले, की दोघांनाही झेपेल तो वेग निश्चित होई आणि खरे काम सुरू होई. पुढे माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक पडताळ्याची संख्या जाई. पलीकडच्या मोडेमने हिशेब करून पाहावयाचा. संख्या जुळली नाही, तर तो गठ्ठा पुन्हा मागवावयाचा. खरखरीच्या तारेवरूनही पत्रातील एखादे अक्षर बदलत नसे, ते यामुळेच.

आज टेलिफोन लावून चालणारे मोडेम क्वचितच दिसतात. परंतु मोडेम नाहीसा झाला, असे मात्र समजू नका. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून, बोलण्यासाठी लागणाऱ्या कंपनांच्या कितीतरी वरची कंपने वापरून, बोलणे न थांबवता माहिती पाठवता येते. तेथे मोडेम आहे. तुमच्या घरातील मोबाइल फोनच्या आत नखाएवढ्या जागेत मोडेम बसलेला आहे. तो सुरांऐवजी रेडिओलहरींत बदल घडवितो. काचेच्या बारीक तंतूंतून येणारे इंटरनेट असेल, तर त्याच्या टोकाच्या पेटीत प्रकाशाच्या लहरींवर बिट चढवले व उतरवले जातात. दूर अंतराळात गेलेली याने आपली छायाचित्रे पृथ्वीकडे पाठवतात, तीही लहरींत असेच बदल करून. वाहन बदलले, वेग कोट्यवधी पटींनी वाढला. पण मूळ तत्त्व तेच राहिले. जी वाट समोर आहे, तिला जी भाषा समजते त्या भाषेत आपला निरोप घालावयाचा, आणि पलीकडे पोहोचताच त्याला पुन्हा मूळ रूप द्यावयाचे.

कर्णबधिरांच्या घरांतील ती अवजड टंकयंत्रेही आता मागे पडली आहेत. आज कर्णबधिर मुलगा मित्राला मोबाइलवरून संदेश लिहितो, किंवा पडद्यावर समोरासमोर पाहून खुणांच्या भाषेत त्याच्याशी गप्पा मारतो. त्यात कोणाला काही विशेषही वाटत नाही. ऐकू येणारी आपण सर्व माणसेदेखील त्याच्यासारखेच संदेश लिहितो, लिहून बोलतो आणि उत्तराची वाट पाहतो. १९६४ साली टेलिफोनच्या तारेवर दोन कर्णबधिर मित्रांनी जे केले, तेच आज सारे जग करीत आहे.

टेलिफोन आपल्यासाठी नाही, असे म्हणून वाइटब्रेक्ट आणि मार्स्टर्स स्वस्थ बसले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी तसे केले नाही. यंत्राला काय समजते आणि आपल्याला काय हवे आहे, या दोहोंचा त्यांनी शांतपणे विचार केला व मधला दुवा स्वतःच्या हातांनी तयार केला. आपल्या हातातील मोबाइलवर एखादा शब्द उमटेल, तेव्हा त्या दोन मित्रांची, टेबलावरच्या त्या पेटीची आणि ‘सा’ आणि ‘ग’ गात गेलेल्या त्या अक्षरांची आपण आठवण ठेवली पाहिजे.